दहा नंबरचे डॉक्टर

रग्बीत फ्लाय-हाफ नावाची एक जागा असते. पाठीवर दहा नंबर. पुढे स्क्रममध्ये आडदांड गडी खांद्याला खांदा लावून रेटारेटी करत असतात, त्यांच्या पायांतून चेंडू चिखलाने माखून मागे येतो आणि मधल्या एका गड्याकडून याच्या हातात पडतो. तोवर समोरचे दोन-तीन जण त्याला लोळवायला सुटलेलेच असतात. पास द्यायचा, लाथाडायचा की फटीतून आपणच निसटायचं, हे ठरवायला वेळ जवळजवळ नसतोच. बेलफास्टचा जॅक काइल अशा वेळी अजिबात गडबडत नसे. सामन्यातला बराच वेळ तो मैदानावर आहे हेच प्रतिस्पर्ध्याच्या ध्यानात येत नसे; आणि ध्यानात यायचा तेव्हा पाठमोराच.

१९५३ साली रेव्हनहिलच्या मैदानावर फ्रान्सचे खेळाडू त्याला असेच शोधत राहिले. त्यावर एका आयरिश पत्रकाराने ‘स्कार्लेट पिंपरनेल’ या कादंबरीतल्या, निसटत्या नायकावरच्या प्रसिद्ध ओळींचं विडंबन करून त्यात काइलचं नाव बसवलं. इतकी समर्पक दाद क्रीडापानावर क्वचितच मिळते.

याच रेव्हनहिलवर १३ मार्च १९४८ रोजी आयर्लंडने वेल्सला ६-३ हरवलं आणि पहिलंवहिलं ग्रँड स्लॅम, म्हणजे स्पर्धेतले सगळे सामने जिंकण्याचा मान, मिळवलं. ट्राय म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवणं; तेव्हा ती तीन गुणांची. म्हणजे आयर्लंडच्या दोन आणि वेल्सची एक, एवढाच हिशोब. बेट दोन राज्यांत वाटलेलं, पण रग्बीचा संघ एकच. उत्तरेतल्या काइलचा कर्णधार कार्ल मलन दक्षिणेतला, आणि तोही डॉक्टरकीच्याच वाटेवरचा. दोन वर्षांनी ब्रिटिश लायन्स, म्हणजे ब्रिटन आणि आयर्लंडचा मिळून निवडलेला संघ, बोटीने न्यूझीलंडला गेले, तेव्हाही कर्णधार मलनच होता. दौरा कित्येक महिन्यांचा. डनीडिनच्या पहिल्या कसोटीत काइलने ट्राय केली, सामना ९-९ असा बरोबरीत सुटला. पुढच्या तीन कसोट्या लायन्स हरले, तरी न्यूझीलंडवाल्यांनी काइलला डोक्यावर घेतलं. परक्या खेळाडूचं कौतुक करण्यात ती मंडळी तशी हात आखडणारी.

या सगळ्याचे पैसे किती? शून्य. रग्बी उघडपणे व्यावसायिक झालं ते १९९५ साली. काइल क्वीन्स विद्यापीठात वैद्यक शिकतानाच खेळू लागला. १९४७ ते १९५८ या काळात आयर्लंडसाठी ४६ सामने, आणि तेही वर्षाला जेमतेम चार-पाच होत असताना.

चरित्रकारांची लेखणी इथवर भरभर धावते आणि मग अडखळते. मला मात्र पुढचाच भाग अधिक ओढ लावतो. डॉक्टर काइल आधी इंडोनेशियात गेले आणि १९६६ साली झांबियातल्या चिंगोला या तांब्याच्या खाणींच्या गावी पोहोचले. देश स्वतंत्र होऊन दोन वर्षं झालेली, शल्यचिकित्सक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. अशा ठिकाणी सर्जनला ‘हे माझं क्षेत्र नव्हे’ म्हणायची चैन परवडत नाही. हाड मोडलेलाही त्याच्याच टेबलावर आणि अडलेली बाईही. पुढे एड्सने त्या देशाला पोखरलं, तेव्हाही ते तिथेच होते. परतले २००० च्या सुमारास, सत्तरी ओलांडल्यावर. खेळायला मिळाली ती अकरा वर्षं. चिंगोलातली झाली चौतीसच्या आसपास.

आयर्लंडला दुसरं ग्रँड स्लॅम मिळायला २००९ साल उजाडावं लागलं. कार्डिफमध्ये पुन्हा वेल्सच समोर, निकाल १७-१५. त्र्याऐंशी वर्षांचे काइल स्टेडियममध्ये हजर होते आणि कर्णधार ब्रायन ओड्रिस्कोलचं अभिनंदन करतानाचं त्यांचं छायाचित्र आयर्लंडभर गाजलं. २०१४ च्या नोव्हेंबरात ते गेले.

काइल आणि ओड्रिस्कोल या दोघांत थोर कोण, यावर आयरिश माणूस अजूनही तावातावाने भांडू शकतो. ओड्रिस्कोलच्या बाजूने भरपूर चित्रफिती आहेत, आयर्लंडसाठी १३३ सामने आहेत. काइलच्या बाजूने काही धुरकट फिल्मचे तुकडे आणि म्हाताऱ्यांच्या आठवणी, ज्यांत दरवर्षी थोडा मीठमसाला वाढतच असणार. तरी माझं मत काइलनाच. चिंगोलाचे गुण मी त्यात धरतो. रग्बीच्या नियमांत ते बसत नाहीत, हे कबूल.