फरशीवरच्या रेघा

आमच्या धर्मग्रामातील काही महाविद्यालयीन तरुणांनी गेल्या दोन वर्षांत एक निराळाच उद्योग आरंभला आहे. ते कागदावर छापण्याजोगी दगडी फरशी तयार करतात. खऱ्या दगडाची छायाचित्रे घ्यावयाची, ती संगणकावर एकमेकांना जोडावयाची, आणि जाड कागदावर छापून पुठ्ठ्यावर चिकटवावयाची. मग मेजावर ते पुठ्ठे मांडून एखाद्या गढीचा चौक, तळघर किंवा पडका वाडा उभा करावयाचा आणि त्यावर खेळ खेळावयाचा. हा उद्योग प्रथम आम्हांला पोरकट वाटला होता. परंतु त्याच्या निमित्ताने किल्लारीच्या जुन्या गावठाणात पाऊल ठेवण्याचा योग आला, आणि तेथे जो प्रश्न उभा राहिला तो काही पोरकट नव्हता. म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी खेळाविषयी दोन शब्द. मेजाभोवती चार-सहा जण बसतात. एक जण कथेचा सूत्रधार होतो, बाकीचे कथेतील पात्रे होतात. कोणी योद्धा, कोणी वैद्य, कोणी चोर. फासे टाकून पुढे काय घडते ते ठरते. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' नावाने असा खेळ प्रसिद्ध केला आणि तेथून हा प्रकार जगभर पसरला. मेजावर भूमी मांडण्याची कल्पना मात्र त्याहून फार जुनी. प्रशियाच्या राजाला १८१२ साली राइसविट्झ नावाच्या गृहस्थाने युद्धाच्या खेळाचे एक मेजच करून दिले होते. डोंगर, नद्या, रस्ते यांचे सुटे चौकोनी तुकडे हवे तसे जुळवून त्यावर नवनवीन रणभूमी मांडता येत असे. आणि इतक्या दूर तरी कशाला जावे? दिवाळीत अंगणात माती कालवून किल्ला रचणारी आणि बुरुजावर मावळे उभे करणारी आपली मुले दुसरे काय करीत असतात?

ह्या कागदी फरशीचे एक शास्त्र आहे. खेळाच्या नकाशावर एक इंचाचे चौकोन आखलेले असतात आणि एक चौकोन म्हणजे पाच फूट जमीन असे मानतात. आपल्याकडची शहाबादी फरशी पुष्कळदा दोन फुटांची असते. म्हणजे कागदावर तिची बाजू अर्ध्या इंचाहूनही कमी, दोन पंचमांश इंच यावयास हवी. नवशिके येथेच फसतात. ते दगड मोठा छापतात, आणि मग त्यावर उभा केलेला योद्धा मुंगीएवढा दिसू लागतो. छपाई स्वच्छ यावी म्हणून इंचाला तीनशे ठिपके धरतात. सहा इंचांचा तुकडा करावयाचा तर चित्र प्रत्येक बाजूस अठराशे ठिपक्यांचे हवे, आणि त्यात तीस फूट जमीन मावली पाहिजे. एवढी जमीन उभ्याने एका छायाचित्रात येत नाही. ती तुकड्या-तुकड्याने टिपून जोडावी लागते. छायाचित्र घेताना कॅमेरा जमिनीवर काटकोनात धरावा, शेजारी मोजपट्टी ठेवावी, आणि दिवस ढगाळ निवडावा. कडक उन्हात दगडांच्या सावल्या एका बाजूला पडतात, आणि तो तुकडा फिरवून दुसरीकडे लावला की सूर्य दोन दिशांना असल्याचा भास होतो. छापल्यावर रंग गडद होतो म्हणून चित्र थोडे उजळ ठेवावे लागते. नेहमीच्या ए-फोर कागदावर कडेची मोकळी जागा सोडून सात गुणिले दहा चौकोन बसतात.

सर्वांत कठीण काम सांध्याचे. हे तुकडे एकमेकांशेजारी लावले असता जोड दिसता कामा नये. त्यासाठी संगणकावर चित्र अर्ध्यावर सरकवतात. त्यामुळे कडा मध्यभागी येतात, आणि मग दगडाच्या दुसऱ्या भागातील पोत उचलून त्या सांध्यावर भरतात. आमच्या तरुणांतील एक जण हे काम इतके तन्मयतेने करतो, की दोन दगडांमधील एका भेगेवर त्याची अख्खी संध्याकाळ जाते. एवढे करूनही एक वैगुण्य उरतेच. फरशीत एखादा डाग, तडा किंवा ठळक खूण असेल तर ती दर सहा इंचांनी पुन्हा पुन्हा दिसते, आणि डोळा फसवला जात नाही. म्हणून ह्या कारागिरीचा पहिला नियम असा, की जे जे वेगळे, उठून दिसणारे, ते ते पुसून टाकावे.

औशाच्या भुईकोट किल्ल्यात ह्या मुलांनी चिऱ्यांची पुष्कळ छायाचित्रे घेतली होती. पडक्या गावाचा नकाशा करावयाचे ठरले तेव्हा त्यांच्यापैकी कोणीतरी किल्लारीचे नाव काढले. औशाच्याच तालुक्यातले गाव, तेरणेच्या परिसरातले, जुने गावठाण अद्याप ओस. एवढेच त्यांच्या मनात होते. ही मुले २००० नंतर जन्मलेली. त्यांना ३० सप्टेंबर १९९३ ही परीक्षेतील एक तारीख. आम्ही त्या वेळी सेमिनरीत शिकत होतो. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणेश विसर्जन आटोपून गावे निजली होती, आणि पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी धरणी हादरली. लातूर आणि त्या वेळच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात सुमारे दहा हजार माणसे गेली. बावन्न गावे जुनी जागा सोडून नव्या जागी वसवावी लागली.

माणसे मेली ती मुख्यतः घरांमुळे, हे आम्ही मुलांना वाटेतच सांगितले. मराठवाड्यातील जुने घर म्हणजे दोन-तीन फूट जाडीच्या दगडी भिंती आणि वर लाकडी तुळयांवर मातीचे जड माळवद. उन्हाळ्यात गार, थंडीत उबदार, चोराचिलटापासून निर्भय. परंतु ती जाड भिंत वस्तुतः एक नव्हतीच. आतला थर वेगळा, बाहेरचा थर वेगळा, मध्ये चिखल आणि दगडगोटे. भिंतीच्या आरपार जाऊन दोन्ही थरांना धरून ठेवणारे लांब दगड बहुतेक घरांत घातलेलेच नव्हते. जमीन हलली तसे दोन्ही थर एकमेकांपासून सुटले आणि माळवद झोपलेल्यांवर आले. पुढे जी घरे दुरुस्त झाली त्यांच्या भिंतींना भोके पाडून आरपार काँक्रीटचे सांधे बसवण्यात आले. सांध्यांवर संध्याकाळ घालवणारा तो तरुण हे ऐकून बराच वेळ काही बोलला नाही.

गावठाणात पोहोचल्यावर मुलांची चुळबूळ सुरू झाली. चोहीकडे झुडपे माजलेली, मध्येच एखादे जोते, उंबरा, पायरी. भिंती गेल्या, फरशी राहिली. कॅमेरे बाहेर निघेनात. शेवटी एकाने विचारले, "फादर, इथली फरशी खेळात वापरणं बरं दिसेल का?" प्रश्न योग्य होता, आणि त्याचे उत्तर आमच्यापाशी तयार नव्हते. जेथे कोणाचे आईबाप, कोणाची तान्ही लेकरे गेली, त्या जमिनीचे चित्र छापून त्यावर फासे टाकावयाचे?

आम्हांला सेमिनरीतील शास्त्रपाठाचा वर्ग आठवला. योहानाच्या शुभवर्तमानात पिलात ज्या जागी न्यायासनावर बसला, तिचे नाव फरसबंदी, इब्री भाषेत गब्बाथा. येरुशलेममध्ये सायन भगिनींच्या मठाखाली एक प्राचीन दगडी फरशी आहे आणि तीच ही जागा, असे भाविक दीर्घकाळ मानीत आले. घोड्यांचे पाय घसरू नयेत म्हणून तिच्या काही शिळांवर रेघा खोदलेल्या आहेत. आणि काही शिळांवर आणखी एका प्रकारच्या रेघा आहेत: रोमी शिपायांनी वेळ घालवण्यासाठी कोरलेले खेळाचे पट. आता संशोधक सांगतात, की ती फरशी सम्राट हेड्रियनच्या काळातली, म्हणजे प्रभूनंतर शंभर वर्षांनी घातलेली आहे. तरीही यात्रेकरू त्या पटापाशी थबकतात, कारण क्रुसाखाली बसून शिपायांनी झग्यासाठी चिठ्ठ्या टाकल्या हे त्यांना ठाऊक असते. त्या शिपायांचा दोष खेळण्यात होता काय? आमच्या मते, डोक्यावर कोण टांगलेला आहे हे त्यांनी मान वर करून पाहिले नाही, हा त्यांचा दोष होता. मुलांना आम्ही एवढेच सांगितले, की ज्यांची ही जमीन आहे त्यांना आधी विचारू.

जवळच्या शेतात एक वृद्ध गृहस्थ होते. नव्या गावात राहतात, जमीन जुन्या गावाला लागून. त्या रात्री त्यांच्या घरातली तीन माणसे गेली होती. मुलांनी त्यांना सगळे समजावून सांगितले, मोबाइलवर औशाच्या फरशीचे नमुने दाखवले. आबांनी ते डोळ्यांजवळ धरून पाहिले, मग काही न बोलता आम्हां सर्वांना एका पडक्या ओट्यापाशी नेले. पंचाने एक शिळा पुसली. तिच्यावर पाच-पाच घरांचा चौरस कोरलेला होता. चारही बाजूंच्या मधल्या घरात आणि बरोबर मध्यावर फुली.

"चल्लस खेळायचो आम्ही ह्याच्यावर," आबा म्हणाले. "चिंचोके फोडून फासे करायचे, बांगडीच्या तुकड्यांच्या सोंगट्या. माझी थोरली बहीण लई लबाड होती खेळात." थोड्या वेळाने ते त्या तरुणाला म्हणाले, "काढ बाळा फोटो. पोरांनी खेळावं की, दगूड खेळायलाच हाय. पन ही रेघ तेवढी मोडू नको."

ती बहीण त्या तिघांपैकी होती की काय, हे आम्ही विचारले नाही.

परतल्यावर खरी अडचण उभी राहिली. त्या शिळेवरचा चौरस हीच तर उठून दिसणारी खूण. कारागिरीच्या नियमाप्रमाणे तो पुसावयास हवा. नाहीतर दर सहा इंचांनी तोच ओटा, तोच चल्लसचा पट दिसणार, आणि गावभर एकाच घराच्या प्रती उभ्या राहणार. आणि पुसावा तर आबांचा शब्द मोडला. पंधरा दिवस ह्यावर खल चालला. अखेर तोडगा निघाला तो असा. गावठाणातल्या इतर दगडांवरून साधी, खुणा नसलेली फरशी करावयाची. तिचे हवे तितके तुकडे छापता येतील. आणि ती शिळा वेगळी, एकच, एका चौकोनाएवढी. ती साध्या फरशीत कोठेही बसेल, पण नकाशावर एकदाच ठेवावयाची. तिच्यावर रेघ न् रेघ जशीच्या तशी. तिच्याजवळ पात्र पोहोचले, की सूत्रधाराने कथा थांबवून ह्या गावात कोण राहत होते ते सांगावयाचे, असा दंडक मुलांनी स्वतःच घालून घेतला.

पहिली छापील प्रत ती मुले आबांना देऊन आली. आबांनी शिळेचा तुकडा बोटाने चाचपून पाहिला आणि कागद गुळगुळीत कसा, असे विचारले. कागदाची मर्यादा त्यांनी एका प्रश्नात दाखवून दिली. खडबडीतपणा छापता येत नाही.

वाचकहो, आपल्यापैकी कितीतरी कुटुंबांत सध्या जुने घर पाडून नवे बांधण्याचे चालले असेल, किंवा जुन्या शहाबादीवर चकचकीत लाद्या बसवण्याचे. ते अवश्य करावे; किल्लारीने आपल्याला शिकवले आहे, की घराचा जुनेपणा कवटाळून बसण्यात शहाणपण नाही. मात्र गवंड्याला बोलावण्यापूर्वी घरातील मुलांना एक काम सांगावे. ढगाळ दिवस पाहून ओटा, पडवी, स्वयंपाकघर येथल्या जमिनीची छायाचित्रे घ्यावीत, शेजारी मोजपट्टी ठेवून. कोठे पाटा झिजून खळगा पडला असेल, कोठे आजीने ओव्या म्हणत जाते फिरवले तेथे वर्तुळ उमटले असेल, कोठे खिळ्याने कोरलेली नवकंकरी असेल. मोठ्यांनी शेजारी बसून ती खूण कोणाची ते नावानिशी सांगावे. पुढे त्या चित्रांचे मुले काय करतील, खेळ करतील की आणखी काही, ते त्यांच्यावर सोपवावे.