धुरा कोण वाहतो?

'धुरंधर' हा शब्द आज आपण सभा-संमेलनांच्या अध्यक्षांसाठी राखून ठेवला आहे; परंतु त्याचे मूळ बैलाच्या मानेवर आहे. धुर् म्हणजे जू, आणि ते धारण करतो तो धुरंधर. 'धुरीण' हाही त्याच कुळातला. ओझे ओढणाऱ्याविषयी भाषेने बाळगलेला हा आदर आम्ही वर्गात वर्षानुवर्षे समजावून सांगत आलो आहोत. या आदराला एक अट मात्र आहे. ओढणारा दिसावा लागतो. त्याच्या तोंडाला फेस येतो, पाय अडखळतो, म्हणून हाकणारा थांबतो. ओढणाराच दृष्टीआड झाला तर काय होते, हे आम्हां दोघांना कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात पाहायला मिळाले.

२०१८च्या जूनमध्ये भाचीचे बिऱ्हाड लॉस एंजलिसजवळून लास व्हेगासला हलायचे होते. सुट्टीत आम्ही तिच्याकडेच होतो. मध्यम आकाराची ऑटोमॅटिक गाडी, मागे भाड्याचा भरगच्च ट्रेलर, आत आम्ही पाच जण. त्यांत भाचीच्या सासूबाई, रक्तदाबाच्या रुग्ण. वाटेत बेकर नावाचे छोटे गाव लागते. तिथे १३४ फूट उंचीचा तापमापक उभा आहे. जवळच्या डेथ व्हॅलीत १० जुलै १९१३ रोजी नोंदल्या गेलेल्या १३४ अंश फॅरनहाइटची, म्हणजे ५६.७ अंश सेल्सिअसची, ती आठवण. बेकरची उंची सुमारे ९३० फूट. तेथून सुमारे पस्तीस मैलांवरची माउंटन पास ही खिंड ४७३० फुटांवर. चढण सुरू होताच एसी बंद करण्याची सूचना देणारी पाटी दिसते. ती वाचूनही सासूबाईंकडे पाहून कुणी एसी बंद केला नाही. "मामा, गाडी काय मस्त ओढतेय बघा," जावई म्हणाले, "मागं काही आहे हे कळतसुद्धा नाही."

ते वाक्य अक्षरशः खरे होते, आणि धोका नेमका त्या 'कळत नाही'मध्ये होता.

काही मैलांनंतर इंजिनाचा आवाज चढला. वेग मात्र वाढेना. गिअर पडतोय आणि सुटतोय असे दोन-तीनदा झाले. मग दिवा लागला आणि गाडी कडेला घ्यावी लागली. खालून करपट वास येत होता. मदतीची गाडी येईपर्यंतचे दोन तास सासूबाईंच्या कपाळावर ओला टॉवेल ठेवण्यात आणि उरलेल्या बाटल्या मोजण्यात गेले. त्या सुखरूप राहिल्या. दुसऱ्या दिवशी लास व्हेगासच्या मेकॅनिकने गिअरबॉक्समधल्या तेलाचा थेंब पांढऱ्या कागदावर टेकवला. एरवी लाल असणारे ते तेल काळपट तपकिरी झाले होते. दुरुस्तीचा आकडा नव्या घराच्या तीन महिन्यांच्या भाड्याएवढा निघाला.

ज्याने ओझे वाहिले तो हा द्रव. साध्या गाडीत इंजिन आणि चाके यांना जोडतो तो क्लच. घाटात त्याचा छळ झाला की डाव्या पायाला कळते, वास नाकात जातो. ऑटोमॅटिक गाडीत त्या जागी टॉर्क कन्व्हर्टर असतो. एका बंद कवचात समोरासमोर दोन पंखे. एक इंजिन फिरवते, त्याने भिरकावलेले तेल दुसऱ्याला फिरवते. गाडी सपाट रस्त्यावर धावू लागली की आतला लॉक-अप क्लच दोन्ही पंखे एकत्र जखडतो. जड ओझ्यासह चढताना हे कुलूप वारंवार सुटते, पंख्यांच्या वेगांत तफावत पडते, आणि त्या तफावतीत हरवलेली शक्ती तेलात उष्णता होऊन साठते. हर्मान फ्योटिंगर या जर्मन अभियंत्याने १९०५ साली या कल्पनेचे पेटंट घेतले ते जहाजांसाठी. समुद्रासाठी जन्मलेली युक्ती वाळवंटात करपावी, हा योगायोग नाटककाराला आवडला असता.

या तेलाकडे चार कामे असतात: शक्ती पोहोचवणे, दाबाने क्लच आवळणे, वंगण देणे आणि उष्णता वाहून नेणे. ते थंड होते बहुधा इंजिनाच्या रेडिएटरमध्येच, म्हणजे जो स्वतः तापला आहे त्याच्याच आश्रयाने. एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढ्यात असल्यामुळे त्याला मिळणारी हवाही आधीच तापलेली. ती पाटी एवढ्यासाठी होती. मेकॅनिक मंडळींचा ढोबळ आडाखा असा, की ८० अंश सेल्सिअसच्या वर दर अकरा अंशांना तेलाचे आयुष्य निम्मे होते. तेल करपले की रबरी सील कडक होतात, दाब घटतो, क्लचच्या चकत्या घसरतात. घसरण्याने उष्णता आणखी वाढते. परिणामच कारण होऊन बसतो.

उपाय नाहीत असे नाही. तेलासाठी वेगळा कूलर बसवणे, 'टो' मोड असल्यास तो लावणे, खालच्या गिअरमध्ये सावकाश चढणे, तापमान वाढताच थांबून गाडी पार्कमध्ये, पण इंजिन सुरू ठेवणे, म्हणजे तेल कूलरमधून फिरत राहते. अॅरिझोनातील डेव्हिस धरणाजवळचा ११.४ मैलांचा चढ तर गाड्यांची परीक्षाच घेतो. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एसएई जे २८०७ या मानकानुसार किमान १०० अंश फॅरनहाइट तापमानात, एसी पूर्ण चालू ठेवून, ओझ्यासह तो चढायचा असतो. म्हणजे कंपनीने सांगितलेल्या मर्यादेत एसी बसू शकतो. पण गाडीतली माणसे आणि सामान हेही ओझ्याच्याच हिशोबात येते. जावयांनी ट्रेलर तोलला होता; आम्हांला कुणी तोलले नव्हते.

बोरघाटात १:३७च्या चढावर कर्जतहून गाडीला मागून जादा इंजिने लावतात. घाट आला, आता मदत हवी, ही कबुली त्यात उघड आहे. ऑटोमॅटिक गाडीचे सारे सौजन्य उलट दिशेचे: घाट आल्याचे ती प्रवाशाला जाणवूच देत नाही. बेकरचा तापमापक बाहेरची उष्णता अवघ्या दरीला दाखवतो. त्याच्या पायथ्याशी उभ्या असलेल्या अनेक गाड्यांत गिअरबॉक्सच्या तेलाची उष्णता सांगणारा साधा काटाही नसतो. असा काटा ज्या गाडीत असेल, त्यातला आकडा आम्ही तांत्रिक तपशील मानणार नाही. तो बैलाच्या तोंडचा फेस आहे. तो वाचता येणे हीसुद्धा साक्षरताच आहे. आणि ज्या भाषेने जू वाहणाऱ्याला धुरंधर म्हटले, तिच्या अभ्यासकांना ती परकी वाटू नये.