क्राकूव ते क्रुशिन्यानी

मुलगी पोलंडमध्ये क्राकूवला शिकायला गेली आणि आमच्या जिवाला घोर लागला. परक्या मुलखात ती खाणार काय, तिचा दीन टिकणार कसा? उन्हाळी सुट्टीत आम्ही दोघे तिला भेटायला गेलो. तिची परीक्षा चालू होती. म्हणाली, “अम्मी, तोवर तुम्ही दोघे क्रुशिन्यानी पाहून या. मग बोलू.”

भाड्याच्या गाडीने निघालो. वॉर्सा, बियालिस्टोक आणि पुढे बेलारूसच्या सरहद्दीजवळचे हे खेडे. एकूण सुमारे साडेपाचशे किलोमीटर. तिथे वाहने उजवीकडून चालतात. गाडी हे चालवत होते आणि प्रत्येक वळणावर “उजवीकडे!” म्हणून आठवण करण्याचे काम आमच्याकडे होते. डुकराच्या मांसाच्या धास्तीने वाटभर पाव, उकडलेली अंडी आणि सफरचंदांवर भागवले. बियालिस्टोकनंतर रस्ता अरुंद झाला. पाइनची झाडी, खांबांवर करकोच्यांची घरटी.

गावात हिरव्या रंगाची लाकडी मशीद दिसली. बाहेरून लाकडी चर्चसारखीच, पण मनोऱ्यांवर चंद्रकोर. १६७९ मध्ये राजा यान सोबिएस्की याने आपल्या सैन्यातील तातार मुस्लिमांना थकलेल्या पगाराच्या बदल्यात येथे जमिनी दिल्या. त्यांचे वंशज आजही या भागात आहेत. मशिदीच्या भिंतींवर अरबी आयतींच्या तसबिरी, बायकांसाठी वेगळी खोली. आम्ही तिथे जोहरची नमाज अदा केली. जवळच्या कब्रस्तानात एकाच दगडावर अरबी आणि पोलिश अक्षरे होती.

तातारांची मूळ भाषा केव्हाच गेली. ते पोलिश बोलतात. कलमा मात्र राहिला. घरात मराठी बोलणाऱ्या आम्हाला हे परके वाटले नाही.

एका घरगुती खाणावळीतल्या आजींनी सलाम केला आणि बटाट्याचे गरम ‘प्लात्स्की’ वाढले. मुलीने फोनवरून दुभाषाचे काम केले आणि आम्ही कृती लिहून घेतली.

साहित्य: १ किलो बटाटे, १ कांदा, १ अंडे, २-३ चमचे मैदा, मीठ, मिरपूड, तेल.

कृती: सोललेले बटाटे व कांदा बारीक किसून पिळून घ्यावा. पाणी भांड्यात थोडे थांबू द्यावे. वरचे ओतून तळाशी बसलेले सत्त्व किसात मिसळावे. उरलेले साहित्य घालून लगेच करायला घ्यावे, नाहीतर कीस काळा पडतो. तव्यावर जास्त तेलात छोटी, पातळ धिरडी दोन्ही बाजूंनी कुरकुरीत तळावीत. तिकडे आंबट सायीबरोबर खातात. आपल्याकडे घट्ट दही चालेल. पोलंडमध्ये बाहेर खाताना मात्र ती चरबीत तळलेली नाहीत ना, हे आधी विचारावे.

क्राकूवला परतलो तेव्हा मुलीने विचारले, “आता काय म्हणणे आहे?” आम्ही काही बोललो नाही. बियालिस्टोकच्या बाजारातून तिच्यासाठी आणलेली किसणी पिशवीतून काढली आणि तिच्या हातात दिली.