शेजारचा सूर

अमेरिकेतल्या बऱ्याच हायस्कुलांत क्वायर हा रीतसर विषय असतो. टाइमटेबलात त्याचा तास असतो, त्याला ग्रेड मिळते, वर्षातून दोन-तीन कार्यक्रम होतात. आमची मुलगी नववीपासून शाळेच्या क्वायरमध्ये आल्टो, म्हणजे मुलींमधला खालचा आवाज, गाते. उन्हाळ्यात कॉलेजांची वसतिगृहं रिकामी झाली की तिथे या मुलांची निवासी शिबिरं भरतात. मिशिगनमधलं इंटरलॉकनचं संगीत शिबिर तर 1928 पासून चालू आहे. आमचं तसं नामांकित नव्हतं. पेनसिल्व्हेनियातल्या एका लहानशा कॉलेजातलं, आठवडाभराचं. ‘आमचं’ म्हणते, कारण मीही शॅपरोन म्हणून मुक्कामाला होते.

शॅपरोन म्हणजे देखरेखीला आलेला पालक. आधी पोलीस रेकॉर्डची तपासणी होते, मग नियमांचा कागद हातात पडतो. कुठल्याही मुलाबरोबर एकट्या मोठ्या माणसाने बंद खोलीत थांबायचं नाही. औषधं फक्त नर्स देणार, डोकेदुखीची गोळीसुद्धा. रात्री अकराला दिवे बंद, त्याआधी खोल्या तपासायच्या. आणि आपल्या पोटच्या पोराभोवती घोटाळायचं नाही. हा शेवटचा नियम मुलीने मला दोनदा वाचून दाखवला.

आलेल्या मुलांपैकी निम्म्यांच्या तोंडी एकच विषय होता, ऑल-स्टेट. राज्यभरातून निवडलेल्या मुलांचं क्वायर. त्याच्या ऑडिशनला बऱ्याच राज्यांत न पाहिलेली ओळ कागदावर बघून लगेच गाऊन दाखवावी लागते, म्हणून शिबिरात त्याचा रोज तास. डो-रे-मी हाताच्या खुणांसह गायचं. आपला सा जसा पट्टीबरोबर सरकतो, तसा इथे डो सरकतो. मिरजेत लहानपणी पेटीवर अलंकार घोटलेल्या मला हे फार परकं वाटलं नाही. उरलेली निम्मी मुलं मात्र नुसती गायला आली होती. काहींच्या शाळेत क्वायरच्या मास्तरांची जागा रिकामी होती आणि वर्षभरात त्यांना गायला मिळालंच नव्हतं.

पहिल्या संध्याकाळी आवाज तपासून सोप्रानो, आल्टो, टेनर, बेस अशी वाटणी झाली. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांचे आवाज फुटत असतात. एका मुलाला गेल्या वर्षी टेनरमध्ये बसवलं होतं, यंदा त्याला वरचे सूर लागेनात. त्याला सगळ्यांसमोर काहीही न बोलता बेसच्या रांगेत खुर्ची दिली गेली. मग प्रत्येकाला काळी फाइल आणि पेन्सिल. संचालिकाबाईंचा दंडक असा, की पेन्सिल नसेल त्याने तालमीला येऊ नये. श्वास कुठे, व्यंजन कुठे तोडायचं, कुठे शेजाऱ्याकडे कान द्यायचा, सगळं लिहून ठेवायचं.

ओरडायला सक्त बंदी. तरी दुसऱ्या रात्री मैदानावरच्या खेळांत आरडाओरडा झालाच आणि सकाळी सोप्रानोंच्या रांगेत चार घसे बसले. त्या मुली कुजबुजत बोलायला लागल्या, तर बाई म्हणाल्या, कुजबुजही नको, त्यानेही घशावर ताण येतो. गप्प बसा, पाणी प्या. त्या दिवशी चौघी पाटीवर लिहून जेवण मागत होत्या.

गाण्यांत एक होतं रँडल थॉम्पसनचं ‘आलेलुया’. जुलै 1940मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या टँगलवुडला विद्यार्थ्यांसाठी उन्हाळी संगीत केंद्र सुरू होत होतं. उद्घाटनाला जोरकस, जल्लोषाचं काहीतरी हवं, असं संचालक सर्ज कुसेवित्स्कींनी सांगितलं होतं. पण नुकताच फ्रान्सचा पाडाव झाला होता आणि थॉम्पसनना जल्लोष सुचेना. त्यांनी काही दिवसांत लिहिली ती संथ, व्याकूळ रचना. शब्द एकच, शेवटी आमेन. छापील प्रती अगदी ऐन वेळी पोहोचल्या आणि जेमतेम तालीम करून मुलांनी ती गायली. पुढे टँगलवुडच्या दर उन्हाळ्याच्या उद्घाटनाला ती गाण्याची प्रथाच पडली.

शब्द एकच, म्हणून गाणं सोपं नाही. ओळी लांबलचक, एका दमात कुणाच्याच होत नाहीत. त्यावर तोड म्हणजे आळीपाळीने श्वास. शेजारणीशी आधी ठरवायचं, तू इथे घे, मी तिथे. श्वासाला जाताना आवाज हळूच काढून घ्यायचा आणि परतताना तसाच हळूच आत सोडायचा. बाहेर बसलेल्याला सूर कुठेही तुटलेला कळता कामा नये. माझी मुलगी आणि ओहायोहून आलेली एक मुलगी जेवणाच्या टेबलावर फाइल उघडून हीच वाटाघाट करत बसल्या होत्या.

तिसऱ्या दिवशीच्या आल्टोंच्या तालमीत मी मागे बसले होते. बाईंनी पियानो बंद करायला सांगितला. बेसच्या काही मुलांना खालचा सूर धरायला लावला आणि आल्टोंना त्यावर गंधार लावायला सांगितला. मुलींनी लावला. “थोडा खाली,” बाई म्हणाल्या. पुन्हा लावला. “अजून किंचित.” पियानोवरचा गंधार शुद्ध गंधारापेक्षा सुमारे 14 सेंट चढा असतो. अर्ध्या स्वराचे 100 सेंट, त्यातले 14. वाद्याच्या सोयीसाठी केलेली ती तडजोड आहे आणि मुलींच्या कानात तीच बसलेली. तिसऱ्या-चौथ्या प्रयत्नात तो सूर बरोबर जागेवर गेला आणि वीस मुलींचा एकच आवाज झाला.

मी तो गंधार ओळखला. मिरजेत सतारमेकर गल्लीवरून शाळेत जाताना तंबोऱ्याची जवारी लावणारे कारागीर दिसायचे. घोडीवर तारेखाली दोरा सरकवायचा, तार छेडायची, ऐकायचं, पुन्हा सरकवायचा. जवारी नीट लागली की खर्जाच्या तारेतून न छेडलेला गंधार आपोआप बोलतो. आमच्या गुरुजींनी ‘स्वयंभू गंधार’ म्हणून तो ऐकवला होता. बाई पियानो बंद करून मुलींकडून तोच काढून घेत होत्या. आम्ही तो तंबोऱ्याकडून शिकलो, ही मुलं शेजारच्या गळ्यातून शिकत होती.

मलाही एकदा काम लागलं. कार्यक्रमात रीना इस्माईल या भारतीय वंशाच्या अमेरिकन संगीतकार बाईंचं ‘तारेकिटा’ होतं. लॉस एंजेलिसमधल्या एका क्वायरसाठी त्यांनी ते 2016मध्ये लिहिलं. त्या क्वायरमध्ये बेघरपण भोगलेली माणसं गातात. शब्द म्हणजे तबल्याचे बोल आणि राग जोग, दोन्ही गंधार असलेला. मुलांचे सूर चोख होते, पण त आणि ट दोन्ही सारखेच निघायचे. संचालिकाबाईंनी मला पुढे बोलावलं. जीभ दातांना लावा, म्हटलं, आता मागे टाळूकडे न्या. टेनरमधला एक उंच मुलगा नाश्त्याच्या रांगेतही ‘त, ट, त, ट’ करत उभा असायचा. शेवटी त्याचा त आमच्या मुलीपेक्षा साफ झाला.

मिरजेहून आईचा फोन आला. “एकटीचं गाणं कधी आहे गं तिचं?” म्हटलं, “आई, एकटीचं नाहीच.” “मग तिचा आवाज कळणार कसा?” तिचा प्रश्न खरा आहे. आपल्याकडे गाणं म्हणजे एकाचं गाणं. समूहगीतं आपणही गायलो, वसंत देसाईंनी हजारो शाळकरी मुलांना एकत्र गायला लावलं, पण तिथे सगळे एकच चाल गातात. इथे चार चाली एकाच वेळी चालतात आणि आपली सोडून शेजारच्या चालीवर गेलं की गाणं मोडतं.

शनिवारच्या कार्यक्रमात मला मुलीचा आवाज वेगळा ऐकू आला नाही. आल्टोंची रांग ऐकू आली, पक्क्या सुरातली. घरी आल्यावर ती तंबोऱ्याच्या ॲपवर यमन गायला बसली आणि गंधारावर थांबून स्वतःच म्हणाली, “आई, हा चढा लागतोय.” इतकी वर्षं हे मला सांगावं लागत होतं.

परदेशातल्या मराठी पालकांना एवढंच सांगेन. मूल सोलो स्पर्धेत मागे राहत असेल, तरी त्याला अशा शिबिराला पाठवा. फी कमी नसते, पण अनेक ठिकाणी शिष्यवृत्ती असते आणि ती मागायला लाजू नका. आणि महाराष्ट्र मंडळाच्या गणेशोत्सवात दहा मुलांची दहा गाणी ठेवता, त्यातलं एक कमी करून त्या दहाजणांना दोन आवाजांचं एकच गाणं बसवून द्या. महिनाभर आधी सुरुवात करा, तेवढा वेळ लागतोच.