रद्दीतला वीरधवल

भोरच्या पेठेत आमचे किराणा दुकान होते. पुढे दुकान, मागे घर आणि मध्ये एक दार. त्या दाराला जाड पडदा. हिरडस मावळातून तांदूळ येई, पुण्याहून साखर, डाळी, तेल येई आणि पुड्या बांधण्यासाठी मणाच्या हिशेबाने रद्दी येई. त्या रद्दीत १९७० च्या उन्हाळ्यात दादाजींना एक जाडजूड पुस्तक सापडले. पहिली पाने फाटलेली होती. लेखकाचे नाव नव्हते, साल नव्हते. कापडी पाठीवर फिकट अक्षरांत एवढेच उरले होते : ‘वीरधवल’.

दादाजींनी पुस्तक कपाळाला लावले. धोळक्याचा वाघेला राणा वीरधवल आणि त्याचे मंत्री वस्तुपाल-तेजपाल ही नावे आपल्यापैकी कोणाला सांगावी लागत नाहीत. आबूवरील लूणवसही हे नेमिनाथाचे मंदिर त्याच बंधूंचे, इ. स. १२३१ चे. म्हणजे हे पुस्तक त्या पुण्यवान काळाचेच असणार, अशी दादाजींची खात्री झाली. पुडीच्या कागदासाठी आलेले पुस्तक अशा रीतीने घरात आले आणि धार्मिक पुस्तकांच्या फळीवर बसले.

माझी फईबा, म्हणजे बापूजींची थोरली बहीण, हिला मात्र नाव ऐकून दुसरेच आठवले. “धवल शेठची गोष्ट का रे?” तिने विचारले. श्रीपाल राजाचा रास दर ओळीला ऐकणाऱ्या घरात धवल म्हटले की तो लोभी सार्थवाहच आठवायचा, ज्याने श्रीपालाला भर समुद्रात ढकलून दिले आणि श्रीपाल नवपदाच्या प्रभावाने ठाण्याच्या किनाऱ्याला लागला.

फईबा एकोणिसाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी परत आली होती. तिला गुजराती वाचता येई. बाळबोध लिपी जड जाई. म्हणून सुट्टीतल्या दुपारी, दुकान सुस्तावलेले असताना, तिचे सामायिक आटोपले की मी तिला हे पुस्तक वाचून दाखवावे असे ठरले. मी बारा वर्षांचा होतो. दोन दिवसांतच आम्हा दोघांच्या ध्यानात आले की यात ना वस्तुपाल आहे, ना धवल शेठ. ही सगळी कोणाच्या तरी डोक्यातून निघालेली सृष्टी होती. आम्ही दादाजींना हे सांगितले नाही. एवढे कपट आमच्या हातून घडले.

पण अशी गोष्ट घरात किती दिवस लपणार? आठवड्याभरात सगळ्यांची मते तयार झाली. न वाचताच, पडद्याआडून कानावर पडेल तेवढ्यावर. बापूजींचा आक्षेप व्यापाऱ्याचा होता. “या राजाच्या एवढ्या फौजेला पगार कोण देतो? घोड्यांचा चंदी-चारा कोणत्या खात्यावर पडतो? ज्या राज्याचा मेळ लागत नाही त्याची गोष्ट कशाला ऐकायची?” बाला गोष्ट आवडे, पण ती स्वयंपाकघरातून उठू शकत नसे, मधला भाग बुडाला की ती फईबाला संध्याकाळी चौविहाराच्या गडबडीत विचारून घेई. दादाजींना अखेर सत्य कळले तेव्हा ते रागावले नाहीत. त्यांनी बापूजींनाच उलट प्रश्न केला. धवल शेठची अडकलेली जहाजे श्रीपालाने नवपदाचे ध्यान करून हलवली, हे तू हात जोडून ऐकतोस ना? मग इथेच हिशेब का मागतोस? बापूजी म्हणाले, “तिथे ऐकण्याचे फळ आहे. इथे काय आहे?”

या प्रश्नाचे उत्तर आमच्यापैकी कोणालाच देता आले नाही. मला तरी ते आजही पुरतेपणी देता येत नाही. उद्द्योतनसूरींची ‘कुवलयमाला’, हरिभद्रसूरींची ‘समराइच्चकहा’ यांत विद्याधर आहेत, व्यंतर आहेत, जन्मोजन्मींची वैरे आहेत. आठव्या शतकातल्या आपल्या आचार्यांना अद्भुताचे वावडे नव्हते. ‘कुवलयमाले’त तर बाजारपेठेत आपापल्या भाषांत बोलणारे निरनिराळ्या देशांचे व्यापारी येतात आणि त्यांत मराठी बोलणाराही आहे. मराठीच्या जुन्या खुणा शोधणारे अभ्यासक म्हणूनच त्या ग्रंथाकडे वळतात. पण हे मला फार पुढे कळले. आणि ते सांगून बापूजींचा प्रश्न सुटला असता असेही नाही, कारण त्या कथांच्या शेवटी दीक्षा आहे आणि ‘वीरधवल’ची खरी ओढ ‘पुढे काय?’ एवढीच होती.

वाचन थांबले ते या वादामुळे नव्हे. एका दुपारी फईबा एका प्रसंगाला मोठ्याने हसली. दुकानात दोन-तीन गिऱ्हाइके बसली होती. पडदा बाजूला करून बापूजी आत आले, काही न बोलता त्यांनी माझ्या हातातले पुस्तक घेतले आणि जुन्या वह्यांच्या कपाटात ठेवून कुलूप लावले. विधवा बहिणीचे हसणे पेठेत ऐकू जावे हे त्यांना सोसले नाही. फईबा उठून तांदूळ निवडायला बसली. शेवटची शंभरेक पाने राहिली होती.

येथे मला स्वतःबद्दल एक गोष्ट लिहिली पाहिजे. मला वाईट वाटले नाही, सुटल्यासारखे वाटले. बरोबरीची मुले नीरेच्या पात्रात डुंबत होती आणि मी घरात बसून एका बाईला कादंबरी वाचून दाखवत होतो, याची मला लाज वाटू लागली होती. कपाटाची किल्ली कोठे असते हे मला ठाऊक होते. मी ती कधी घेतली नाही. फईबाने मागितली नाही, म्हणून मीही विषय काढला नाही. मॅट्रिक झालो, पुण्यात एम. कॉम. झालो, बँकेत लागलो; मधल्या काळात दादाजी गेले, रद्दीतले ते पुस्तकही वाळवीने गेले.

१९८६ मध्ये माझी बदली वेल्ह्याच्या शाखेत झाली. आता त्या तालुक्याला राजगड हे नाव मिळाले आहे. आमच्या पिढीच्या तोंडी वेल्हेच राहिले. पावसाळ्यात तोरणा दिवसच्या दिवस ढगांत असे आणि वीज गेली की दोन दोन दिवस येत नसे. शाखेत काम बेताचे. अशा वेळी गप्पांत एकदा मी ‘वीरधवल’चे नाव काढले, तर तेथील शाळेच्या एका वयस्कर गुरुजींनी दुसऱ्या दिवशी घरून पूर्ण प्रत आणून माझ्या टेबलावर ठेवली. तेव्हा मला लेखक कळला : नाथमाधव. म्हणजे द्वारकानाथ माधव पितळे, जन्म १८८२. ‘वीरधवल’ १९१३ ची. जेव्हा मराठी कादंबरीत हरिभाऊ आपट्यांमुळे घरगुती, खऱ्या दुःखांना मान मिळू लागला होता, तेव्हा या माणसाने पुन्हा अद्भुताची वाट धरली आणि वाचकांनी त्याला डोक्यावर घेतले.

आमच्या शिपायाने ती प्रत रात्रीत कंदिलावर वाचून काढली. त्याचे मत बापूजींच्या अगदी उलट. त्याला त्यात अशक्य असे काहीच दिसले नाही. तोरण्याची दुरुस्ती करताना महाराजांना धन सापडले आणि त्यातून राजगड उभा राहिला, असे परंपरा सांगते. ज्या माणसाच्या परसातून तो तोरणा दिसतो त्याला गुप्तधनाचे काय नवल? (कर्जाच्या अर्जात तारण म्हणून मात्र माझ्या काळात कोणी गुप्तधन दाखवले नाही.) गुरुजींना पुस्तकातला वेग आवडे, पण माणसे एकतर फार चांगली किंवा फार दुष्ट आहेत ही त्यांची तक्रार होती. आज माझी नातवंडे ‘हॅरी पॉटर’वरून तावातावाने भांडतात, तेव्हा मला वेल्ह्याच्या त्या टेबलाभोवतीचे वादच पुन्हा ऐकू येतात. चष्म्यातला मुलगा खरा वाटतो की नाही, हाच प्रश्न.

गुरुजींनीच मला आणखी एक गोष्ट सांगितली. नाथमाधवांना शिकारीचा नाद होता. तरुणपणी सिंहगडावर शिकारीला गेले असताना ते कड्यावरून कोसळले आणि त्यांचा कमरेखालचा भाग लुळा पडला. अंथरुणाला खिळल्यावर वाचन वाढले आणि मग लेखन सुरू झाले. १९२८ मध्ये, शेहेचाळिसाव्या वर्षी ते वारले. स्वच्छ हवेत तोरण्यावरून सिंहगड दिसतो. पुढल्या वेळी वर गेलो तेव्हा मी त्या बाजूला बराच वेळ पाहत राहिलो.

त्या शनिवारी पुस्तक पिशवीत घालून मी नसरापूर, कापूरहोळ करीत भोरला गेलो. फईबा आता सत्तरीला टेकली होती. पुस्तकाचे नाव सांगताच ती म्हणाली, “कुठे थांबलो होतो ते तुला आठवते का?” मला आठवत नव्हते. तिला आठवत होते. प्रसंग सांगून तिने मला पान शोधायला लावले. सोळा वर्षे तिने ती जागा धरून ठेवली होती. मी वाचू लागलो. दोन शनिवार-रविवारांत पुस्तक संपले.

शेवट तिला पसंत पडला नाही. “माझा शेवट बरा होता,” ती म्हणाली. तो काय होता हे मात्र तिने सांगितले नाही. मग म्हणाली, “लिहिणारा फार बाहेर जात नसावा. किती घोडे दौडवतो! ज्याला रोज उंबरठा ओलांडता येतो त्याला एवढ्या दौडीची गरज नसते.” तेव्हा मी तिला सिंहगडाची हकीकत सांगितली.

बापूजी तेथेच माळ घेऊन बसले होते. ते म्हणाले, “शिकारीला गेला होता ना? मग फळ मिळाले.”

फईबा त्यांच्यापुढे सहसा बोलत नसे. त्या दिवशी बोलली. “पाय गेले ते शिकारीचे फळ, खरे आहे. मग ही पुस्तके कोणत्या कर्माने आली, तेही सांग.”

बापूजींची माळ थांबली. थोड्या वेळाने ते एवढेच म्हणाले, “आणखी लिहिली आहेत का त्याने?”

मी सांगितले : पुष्कळ आहेत. ‘डॉक्टर’ आहे, स्वराज्यावरच्या कादंबऱ्या आहेत, ‘सावळ्या तांडेल’ आहे. पुढच्या महिन्यात पुण्याला गेलो तेव्हा आप्पा बळवंत चौकात जुन्या पुस्तकांत ‘सावळ्या तांडेल’ची प्रत मिळाली. ती ओसरीवर बसून वाचली. पडदा बाजूला सारलेला होता आणि दुकानात गिऱ्हाईक होते. बापूजींनी मधून एकदा विचारले, तांडेल म्हणजे काय. गलबतावरचा मुख्य खलाशी, मी म्हणालो.

तीन दुपारी ऐकल्यावर फईबाने आपले मत दिले. “बरे आहे. पण यात घोडे कमी. आणि समुद्र आला की मला सारखे वाटत राहते, आता धवल शेठ येणार.”