पहाडी पोपटाची ढोली

भारतातील पोपटांच्या मोठ्या जातींत गणला जाणारा पहाडी पोपट, ज्याला करण पोपट असेही म्हणतात, पूर्व विदर्भातील पानझडी जंगलांत, म्हणजे उन्हाळ्याच्या तोंडाशी बहुतेक झाडे पाने गाळतात अशा जंगलांत, राहतो. लांब शेपटीसह तो सुमारे ५५ ते ६० सेंटिमीटर भरतो, आणि गावातल्या कीर पोपटापासून वेगळा ओळखू येतो तो खांद्यावरच्या किरमिजी पट्ट्यामुळे व लालभडक, अवजड चोचीमुळे. गळ्याभोवतीचे गुलाबी कडे मात्र केवळ प्रौढ नराला असते.

भंडारा जिल्ह्यातील कोका अभयारण्य २०१३ मध्ये घोषित झाले आणि त्याच वर्षी नवेगाव-नागझिरा व्याघ्रप्रकल्पाचा भाग बनले. अशा रानात फाल्गुनातल्या सकाळी थांबणाऱ्यास हा पक्षी आधी ऐकू येतो आणि मग दिसतो, कारण त्याची हाक कीराच्या किंचाळीहून खोल व घोगरी असते. थवा पळसावर उतरला की हिरवा रंग त्याला लपवू शकत नाही, कारण त्या दिवसांत पळसाला पानेच नसतात. मधासाठी फुले कुरतडून तो टाकून देतो, आणि झाडाखाली केशरी सडा पडतो. (फुलांची ही नासाडी पाहणाऱ्याला खटकते, पोपटाला नाही.)

खरी अडचण अन्नाची नसून ढोलीची, म्हणजे खोडातील नैसर्गिक किंवा सुतार पक्ष्याने कोरलेल्या पोकळीची असते. पहाडी पोपट घरटे बांधत नाही. हिवाळ्यात तो अशी पोकळी चोचीने रुंद करून दोन ते चार अंडी घालतो, आणि एवढ्या मोठ्या पक्ष्याला पुरेल अशी पोकळी म्हाताऱ्या, जाड बुंध्याच्या झाडातच सापडते. लाकडाच्या हिशेबाने पोकळ झाड निकामी ठरते व तोडीत आधी जाते. शिवाय बोलका पोपट म्हणून पिल्ले विकण्यासाठी ढोल्या फोडल्या जातात, आणि फुटलेली ढोली पुढच्या वर्षीच्या जोडीलाही उपयोगाची राहत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षण दिले असूनही हा व्यापार थांबलेला नाही, आणि २०१३ पासून ही जात जागतिक यादीत 'संकटसमीप', म्हणजे धोक्याच्या उंबरठ्यावरची, मानली जाते.

अभयारण्याच्या हद्दीबाहेर जुने वृक्ष उरतात ते बहुधा मोहाचे, कारण मोहफुलांच्या उत्पन्नासाठी शेतकरी धानाच्या बांधावरचा मोह सहसा तोडत नाही, जरी त्याच झाडावर बसणारा पोपट खाली उतरून त्याच्याच धानाच्या लोंब्या खात असला तरी.