सबुरीचे औषध

काचेच्या टाकीत पोहणारे मासे तुम्ही पाहिले असतील. बहुतेक घरांत गोड्या पाण्यातले मासे असतात. काही हौशी माणसे मात्र खाऱ्या पाण्याची टाकी ठेवतात. दर लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम समुद्री मीठ मिसळून ती जणू समुद्राचा एक लहानसा तुकडाच घरात आणतात. या माशांचे रंग पाहत राहावेत असे असतात. पण त्यांना होणारे आजारही समजून घेण्यासारखे आहेत. अशाच एका आजाराची हकीकत आज मी तुम्हांला सांगणार आहे.

मुंबईतल्या माझ्या एका मित्राची नागपूरला बदली झाली. पाण्याने भरलेली टाकी एवढ्या लांब कशी न्यायची? त्याने ती माझ्या घरी मांडून दिली. टाकीत चार मासे होते. दोन नारिंगी रंगाचे, पांढऱ्या पट्ट्यांचे क्लाउनफिश, एक पिवळ्या शेपटीचा चिमुकला डॅमसेल आणि एक गडद निळा सर्जन मासा. शिवाय एक कोळंबी आणि शंखात राहणारे दोन खेकडेही होते. निळा मासा मित्राने थोड्याच दिवसांपूर्वी बाजारातून आणला होता.

चौथ्या दिवशी माझी भाची टाकीसमोर बसली होती. ती आठवीत शिकते. तिने मला हाक मारली, "मामा, इकडे या. या निळ्या माशाच्या अंगावर मीठ चिकटले आहे का?"

मी जवळ जाऊन पाहिले. माशाच्या अंगावर आणि परांवर पांढरे, बारीक ठिपके होते. तो मधूनमधून दगडाला अंग घाशीत होता आणि त्याचे कल्ले भराभर हलत होते. ते मीठ नव्हते. तो एक परजीवी होता. परजीवी म्हणजे दुसऱ्याच्या शरीरावर जगणारा जीव. याचे शास्त्रीय नाव क्रिप्टोकॅरिऑन इरिटान्स. 'इरिटान्स' म्हणजे त्रास देणारा. ब्राऊन या शास्त्रज्ञांनी त्याला हे नाव १९५१ साली दिले. योगायोग असा, की त्याच वर्षी मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले आणि समुद्रातले रंगीत मासे शहरातल्या सामान्य माणसांना जवळून पाहता येऊ लागले.

हा त्रास देणारा जीव जगतो कसा, ते नीट पाहा. कारण उपचाराची सारी किल्ली त्यातच आहे. तो माशाच्या कातडीत शिरतो आणि तीन ते सात दिवस माशाचेच शरीर खाऊन वाढतो. आपल्याला ठिपका दिसतो तो या वेळी. पोट भरले की तो माशाला सोडतो, तळाशी जातो, वाळूला किंवा दगडाला चिकटतो आणि स्वतःभोवती कवच तयार करतो. त्या कवचात एकाचे दोन, दोनाचे चार होत होत कधीकधी दोनशेपर्यंत पिले तयार होतात. काही दिवसांनी कवच फुटते. तेही बहुधा अंधारात, जेव्हा मासे एका जागी विसावलेले असतात. पिले पोहत निघतात आणि नवा मासा शोधतात. एक-दोन दिवसांत मासा सापडला नाही, तर ती मरतात.

समुद्र अफाट आहे. तिथे पुष्कळशा पिलांना मासा मिळतच नाही. टाकीत मात्र पळायला जागा नसते. दर फेरीला शत्रूची संख्या वाढते. माशाच्या कातडीला भोके पडतात. समुद्रातल्या माशाच्या अंगातले पाणी सतत बाहेर जात असते आणि कातडी ते शक्य तेवढे आत रोखून धरते. ती फाटली की पाण्यात राहूनही मासा आतून सुकू लागतो. कल्ल्यांवर जीव बसले तर त्याचा श्वास कोंडतो.

आता यावर उपाय काय? एक उपाय तांब्याच्या औषधाचा आहे. दर लिटरला साधारण ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम तांबे पाण्यात राखायचे असते. कमी पडले तर परजीवी मरत नाही; जास्त झाले तर मासाच मरतो. शिवाय तांबे कोळंबीला आणि खेकड्यांना विषासारखे आहे. म्हणून ते मुख्य टाकीत कधी घालू नये. दुसरा उपाय म्हणजे वेगळ्या टाकीत पाण्याचा खारेपणा निम्म्याहून कमी करून माशांना सुमारे तीन आठवडे ठेवणे. या दोन्ही उपायांत रोज अचूक मोजमाप लागते. तशी साधने माझ्याजवळ नव्हती. म्हणून मी तिसरा उपाय निवडला. इस्राएलमधील संशोधक अँजेलो कोलोर्नी यांनी तो १९८७ साली मांडला. त्यात औषध लागत नाही. फक्त हिशेब लागतो.

हिशेब असा. कवच फुटायला निदान तीन दिवस लागतात. म्हणून दर तीन दिवसांनी मासे उचलून स्वच्छ, कोरड्या केलेल्या भांड्यात नव्या खाऱ्या पाण्यात ठेवायचे. दरम्यान जे परजीवी माशांवरून गळतात, ते जुन्या भांड्यात मागे राहतात. असे चार वेळा केले, की माशांवर एकही परजीवी उरत नाही.

दुसऱ्याच दिवशी मी दोन लहान टाक्या आणल्या. प्रत्येकीत हवेची नळी आणि लपायला प्लॅस्टिकच्या पाइपचा तुकडा, एवढेच ठेवले. चारही मासे पहिल्या टाकीत आले. तिसऱ्या दिवशी सकाळी भाची आनंदाने ओरडली, "मामा, सगळे ठिपके गेले! मासा बरा झाला. आता याला मोठ्या टाकीत सोडू या ना!"

मी म्हणालो, "ठिपके गेले म्हणजे आजार गेला असे नाही, बाळ. ते खाली पडले आहेत आणि आता वाढत आहेत. खरा धोका आता आहे."

तिला ते पटले नाही. पण पाचव्या दिवशी पिवळ्या शेपटीचा डॅमसेल मेला. त्याच्या अंगावर आम्हांला एकही ठिपका दिसला नव्हता. हा जीव पुष्कळदा आधी कल्ल्यांवर बसतो, जिथे आपली नजर पोहोचत नाही. बाहेरून निरोगी दिसणारा तो मासा आतून गुदमरत होता. भाची बराच वेळ काही बोलली नाही. नंतर तिने स्वतःहून दिनदर्शिका काढली आणि टाकी बदलण्याच्या तारखांवर खुणा केल्या.

पहिल्या, चौथ्या, सातव्या आणि दहाव्या दिवशी आम्ही टाकी बदलली. दर वेळी रिकामी टाकी, जाळी आणि नळी धुऊन उन्हात कडकडीत वाळवली, कारण ओल्या जाळीतूनही परजीवी पुढे जाऊ शकतो. तेराव्या दिवशी तिन्ही मासे एका वेगळ्या टाकीत गेले.

पण काम अजून संपले नव्हते. मोठ्या टाकीच्या वाळूत कवचे होतीच. काही कवचे फार उशिरा फुटतात. ७२ दिवसांपर्यंत पिले बाहेर पडल्याची नोंद आहे. म्हणून मोठी टाकी आम्ही ११ आठवडे माशांवाचून चालू ठेवली. कोळंबी आणि खेकडे तिच्यातच राहिले. त्यांच्यावर हा परजीवी जगू शकत नाही. पाहुणे विचारीत, "अहो, मासे नसलेली टाकी कशाला चालवता?" भाची त्यांना सारा हिशेब समजावून सांगत असे. ११ आठवडे पुरे झाल्यावर तिने स्वतःच्या हाताने तिन्ही मासे मोठ्या टाकीत सोडले. ठिपके पुन्हा दिसले नाहीत.

मित्रांनो, नवा मासा आणला तर त्याला आधी निदान सहा आठवडे वेगळे ठेवावे, असे जाणकार सांगतात. याला क्वारंटाइन म्हणतात. २०२० साली कोरोनाच्या काळात हा शब्द आपण सर्वांनी ऐकला. तो इटालियन भाषेतल्या 'चाळीस' या अर्थाच्या शब्दावरून आला आहे. पूर्वी साथीच्या भीतीने जहाजे बंदराबाहेर चाळीस दिवस थांबवीत असत.

मराठीत 'सबुरी' हा एक शब्द आहे. तुमच्या ओळखीच्या 'सब्र' या शब्दाशी त्याचे जवळचे नाते आहे. ताप उतरला की औषधाची उरलेली गोळी खिडकीत पडून राहते, हे आपण घरोघरी पाहतो. अशा वेळी त्या चिमुकल्या डॅमसेलची आठवण ठेवा. आजार दिसेनासा होणे वेगळे आणि तो बरा होणे वेगळे. या दोन्हींच्या मधले दिवस मोजण्याची सबुरी ज्याच्याजवळ आहे, त्याच्याच औषधाला गुण येतो.